नऊ वाजून नऊ मिनिटांची देवी

सेंगदा मावशीच्या पिकअपमध्ये देवी आली तो मंगळवार होता आणि सकाळचे नऊ वाजून नऊ मिनिटं झाली होती. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण तिला आणणारा मी होतो. चौदा नंबरचा पाना आणि टॉमी म्हणजे दोन फुटी लोखंडी दांडा, एवढ्या साहित्यात मी देवी आणली.

तशी प्रत्येक गाडीत देवी असतेच. मे यानांग म्हणतात तिला. होडीत असते, ट्रकमध्ये असते, माझ्या स्कूटरमध्येही असणार, फक्त तिची तब्येत बरी नसते. आरशाला फुलांची माळ घालायची, लांब जाताना हात जोडायचे, बॉनेटवर पाय ठेवायचा नाही, एवढ्यावर ती खूश असते आणि जन्मभर गप्प बसते. मावशीची बोलायला लागली.

मावशीची पिकअप वीस वर्षांची, डिझेलवाली. मागे दोन बाकडी, वर छप्पर. आमचं गाव डोंगरावर आणि शाळा खाली खोऱ्यात. मध्ये एकतीस वळणं. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मावशी अकरा पोरं घेऊन खाली उतरते, दिवसभर शाळेमागच्या झाडाखाली गाडी लावून बसते आणि साडेतीनला पोरं घेऊन वर येते. नवरा होता तेव्हा हे काम नवरा करायचा. इनपान काका गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी मावशी चालकाच्या सीटवर बसली. तेव्हा तिला फक्त पहिला आणि दुसरा गिअर येत होता. आमच्या रस्त्याला तेवढे पुरतात.

सुट्टीच्या त्या मंगळवारी ती टायमिंग बेल्ट बदलायला माझ्याकडे आली. गावातलं एकमेव गॅरेज माझं. भिंतीवर माझा डिप्लोमा आहे आणि त्याच्या शेजारी भंतेंचा फोटो. लोक फोटोला नमस्कार करतात आणि डिप्लोम्यावर टोपी अडकवतात.

आठ चाळीसला जुना बेल्ट काढून मी हातात धरला होता, तेव्हा मावशी सहज बोलल्यासारखं म्हणाली, "भंतेंनी नऊ वाजून नऊचा मुहूर्त दिलाय हां. दोन नऊ. तेव्हा इंजिन चालू झालं पाहिजे."

"मावशी, हे आधी सांगायचं ना."

"आधी सांगितलं असतं तर तू नऊ वाजता उगवला असतास."

हे खरं होतं, म्हणून मी कामाला लागलो.

नवा बेल्ट घालायची रीत सोपी आहे. पुलीवरच्या खुणा जुळवायच्या, बेल्टचे दात बसवायचे, टेन्शनरचा बोल्ट सैल सोडायचा आणि इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं. टेन्शनरला एक स्प्रिंग असते. हवा तेवढा ताण तीच देते, माणसानं मध्ये पडायचं नसतं. मग बोल्ट आवळायचा आणि बेल्ट जिथे सगळ्यात लांब आहे तिथे दोन बोटांत धरून पिळून बघायचा. पाव फेरा वळला की बरोबर.

खुणा जुळल्या तेव्हा नऊ वाजून पाच झाले होते. झाकण लावायचं बाकी, पंखा बाकी, आणि मावशी मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर धरून उभी.

"फक्त दोन फेरे फिरवतो, मावशी."

"फेरे विहाराला घालायचे. गाडी चालू कर."

मी टेन्शनरमागे टॉमी घातली, होता तेवढा जोर लावून तो ओढला आणि बोल्ट आवळून टाकला. बेल्ट पिळून बघितला. तो वळला नाही. तारेसारखा ताठ होता. म्हटलं, मुहूर्त साधू, उद्या सैल करू. माझ्या आयुष्यातले बरेचसे निर्णय याच वाक्यावर चालतात.

नऊ वाजून नऊला मावशीनं किल्ली फिरवली आणि इंजिनातून आवाज आला. ऊंऽऽ. बंद खोलीत कोणी बाई तोंडाला पदर लावून रडावी तसा, बारीक आणि न तुटणारा. ॲक्सिलरेटर दाबला की ती बाई वर चढायची, सोडला की खाली यायची.

मावशीनं डोळे मिटले. हात जोडले.

"मावशी, तो बेल्ट जरा..."

"गप. ती बोलतेय."

गावात कुठल्याही गोष्टीसाठी कोणी वेळेवर येत नाही. लग्नाला नवरामुलगाही येत नाही. त्यामुळे देवी ठरल्या मिनिटाला हजर झाली याचं लोकांना फार कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी पाना घेऊन मावशीच्या अंगणात पोचलो तोवर आरशाला सात माळा होत्या, डॅशबोर्डवर लाल सरबताची बाटली होती, झाकण उघडून स्ट्रॉ घातलेली, आणि नूडलचा ठेला चालवणारी ओई बॉनेटवर पावडर चोळून आकडे शोधत होती. सोळा तारखेची लॉटरी जवळ आली होती.

पावडरमध्ये कोणाला चार दिसला, कोणाला सात, एकाला आपली बायको दिसली. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की मुहूर्ताचाच आकडा लावायचा, शून्य नऊ. सोळा तारखेला नव्वद निघाला.

"देवी समोरून येते," ओईनं सगळ्यांना समजावलं. "मग आकडा आपल्याला उलटा दिसणारच."

आमच्याकडे लोक आकडा सुलटा-उलटा दोन्ही लावतात, त्यामुळे अर्धं गाव जिंकलं. गावप्रमुख थावीनं बॉनेटभोवती तीन रंगांचं रेशमी कापड बांधलं, त्याला नऊ गाठी मारल्या आणि जाहीर केलं की आता या गाठी कोणी सोडायच्या नाहीत. गाडीसाठी पत्र्याची शेडही उभी राहिली. दोन वर्षं आम्ही दवाखान्याच्या शेडसाठी अर्ज करत होतो. ही चार दिवसांत झाली.

आणि त्या कापडाखाली माझा बेल्ट रोज एकतीस वळणं खाली आणि एकतीस वर जात होता.

इथे मला जरा नीट बोलायला हवं. घट्ट बेल्ट फक्त रडत नाही. तो टेन्शनरचं बेअरिंग खातो, स्वतःचे दात मुळापासून उपटतो आणि एक दिवस तुटतो. तुटला की इंजिन जागच्या जागी बंद. आणि त्या गाडीत इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग दगड होतं, ब्रेकही दोनदा दाबेपर्यंत लागतो, मग दगड. सपाट रस्त्यावर माणूस शिव्या देत खाली उतरतो. आमच्या रस्त्यावर सतराव्या वळणाला कठडा नाही. मागच्या बाकड्यावर अकरा पोरं असतात आणि त्यातली एक माझी भाची आहे. फाई. वय सात, समोरचे दोन दात नाहीत.

मी रोज सात पन्नासला शाळेच्या वॉचमनला फोन करायला लागलो. त्याचं नाव सुतिन.

"आली का गाडी?"

"आली."

"सगळी पोरं उतरली?"

"उतरली. ताओ, खरं सांग, कुठली बाई आहे? नव्या गणिताच्या बाईंचं लग्न झालंय हां."

मी गावाला सांगितलं नाही असं नाही. ओईच्या ठेल्यावर, दुपारी, आठ-दहा माणसांसमोर सांगितलं.

"तो आवाज देवीचा नाही. बेल्ट जास्त घट्ट झालाय."

"कोणी केला घट्ट?" ओईनं विचारलं.

"मी."

"आजवर किती बेल्ट घातलेस?"

"चाळीसेक."

"त्यातला कुठला गायला?"

"एकही नाही."

"मग?" असं म्हणून ती माझ्या वाडग्यात न मागता मांसाचे दोन गोळे जास्त टाकून गेली.

थावी पुढे सरकला. "ताओ, म्हणजे ती तुझ्या हातून आली. आम्ही उगीच भंतेंना श्रेय देत होतो."

"प्रमुखसाहेब, माझ्या हातून चूक झाली."

"नम्रता चांगली आहे," थावी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजसमोर रांग होती. एकानं भाताची गिरणी आणली होती, तिचा पट्टा देवी येईल इतका आवळून हवा होता. एकाची मोटारसायकल होती. तिला चेन असते, बेल्ट नसतो, हे सांगितल्यावर तो म्हणाला, मग छोटी देवी चालेल. एक म्हातारा गवत कापायचं मशीन घेऊन आला होता आणि त्याला देवी नको होती, फक्त मेलेल्या भावाशी दोन शब्द बोलायचे होते. मी सगळ्यांना परत पाठवलं. त्यानं माझा भाव आणखी वाढला.

मावशीकडे मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा ती म्हणाली, "गाठी थावीच्या आहेत, त्याला विचार." थावी म्हणाला, "देवी मावशीची आहे, तिला विचार." विहारात गेलो तर भंते म्हणाले, "मी फक्त वेळ दिली होती."

पाचव्या आठवड्यात फाई माझ्या गॅरेजमध्ये बसून चिकट भात आणि मिरचीचा ठेचा खात होती. ठेचा लागला की ती ओठ बाहेर काढून हवा ओढते. मध्येच म्हणाली, "मामा, देवीला सर्दी झालीय."

"म्हणजे?"

"आधी ऊं करायची. आता मध्ये खर्र करते. वळणावर."

खर्र म्हणजे बेअरिंग. त्याच्या आतले छर्रे आता गोल राहिले नव्हते.

मी त्याच संध्याकाळी बहिणीकडे गेलो. जुम ताई अंगणात कपडे वाळत घालत होती.

"ताई, उद्यापासून फाईला गाडीनं पाठवू नकोस."

"का?"

मी सांगितलं. सगळं. टॉमी, बोल्ट, सतरावं वळण.

ती हातातला शर्ट पिळत राहिली. त्यात पाणी उरलं नव्हतं तरी. "आणि बाकीच्या दहा जणांना?"

"त्यांना मी सांगितलं होतं. ठेल्यावर."

"मी होते तिथे मागे. तू तेव्हा हसवत होतास, ताओ. बेल्ट घट्ट झालाय म्हणालास आणि पुढच्या वाक्यात माझ्या नवऱ्याच्या पँटवर गेलास. सगळे हसले. मीपण हसले."

मला ते आठवत नव्हतं. पण पँटबद्दल माझ्याकडे चांगला विनोद होता हे खरं.

"तुला खरंच भीती वाटते का?" तिनं विचारलं.

"हो."

"मग तोंड बघून कळत का नाही?"

मला लहानपणापासून असंच तोंड आहे. आजोबांच्या चितेसमोरच्या फोटोत मी कुठल्यातरी बसची वाट बघत असल्यासारखा उभा आहे.

फाईला तिनं दुसऱ्या दिवशी घरी ठेवलं नाही. म्हणाली, "माझी एकटी ठेवली आणि बाकीच्यांचं काही झालं तर मी त्या दहा आयांना तोंड कसं दाखवू? तू बघ काय ते. पण तू बघ."

मी तालुक्याच्या गावी जाऊन नवं बेअरिंग आणि नवा बेल्ट आणला. थावीच्या पुतण्याच्या घरावरून परत येत होतो. तिथे त्याची नवी पांढरी व्हॅन उभी होती, एसीवाली, छपरावर मिरच्या वाळत घातलेल्या. सत्र सुरू व्हायच्या आधी पोरांच्या वाहतुकीसाठी त्यानं ती घेतली होती. देवी आल्यापासून तिच्यात फक्त एक कोंबडी बसलेली मी बघितली होती. त्या वेळी मला यातलं काही सुचलं नाही. मी गाड्यांचं ऐकतो, माणसांचं उशिरा ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी पंधरा तारीख होती. सकाळी सात वाजून दहाला मी पिशवी घेऊन मावशीच्या शेजारी चढून बसलो.

"कुठे?" मावशी म्हणाली.

"खाली. दात दाखवायचाय."

गाडी निघाली. ऊंऽऽ, खर्र. पायाखाली पत्रा थरथरत होता आणि पिशवीतलं बेअरिंग माझ्या मांडीला लागत होतं. मावशी दुसऱ्या गिअरमध्ये, बैलाच्या चालीनं उतरत होती. तिचा डावा हात सबंध वेळ हँडब्रेकवर होता. मागे पोरं पाढे म्हणत होती. सतराव्या वळणावर खर्र जरा लांबला आणि मी पाहिलं, मावशीची बोटं पांढरी झाली होती. वळण गेल्यावर तिनं श्वास सोडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही धरला होता, आणि आम्ही दोघांनी तो एकाच ठिकाणी धरला होता.

पोरं शाळेत गेली. मावशीनं गाडी झाडाखाली लावली, घडीची खुर्ची काढली, बसली आणि केळीच्या पानातलं भाजलेलं डुकराचं मांस सोडलं. मला एक तुकडा दिला.

"दात कुठला दुखतोय?"

"मावशी, बेल्ट..."

"घट्ट झालाय," ती म्हणाली. "बेअरिंगही गेलंय."

झाडावर पाखरं फार ओरडत होती. मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"नऊ वाजून दहा मिनिटांनी."

"एका मिनिटात?"

"इनपान गेल्यापासून या गाडीचं दुखणंखुपणं मीच ऐकते. मी काय ओई आहे?"

"मग हात कशाला जोडलेत?"

"तू चूक केलीस हे कळलं म्हणून. माझ्यामुळे केलीस, तेही कळलं. डोळे मिटून म्हणत होते, आता याला काय सांगू. डोळे उघडले तर कुंपणापाशी सहा बायका हात जोडून उभ्या." तिनं बोटं पुसली. "त्यात थावीची बायको होती. पुढच्याच सोमवारी तिचा पुतण्या घरोघरी फिरणार होता, व्हॅनसाठी. चार घरांनी त्याला शब्द दिलेला. चार गेली की आणखी चार जातात. मग मी रोज सकाळी उठून कुठे जायचं, ताओ?"

मला राग आला. माझ्या तोंडावरून कळलं नसेल, म्हणून मी उभा राहिलो. "मावशी, फाई बसते यात."

"माहीत आहे. माझ्या मागेच बसते, खिडकीपाशी." तिनं डावा हात पुढे केला. तळव्यावर हँडब्रेकच्या दांड्याचा घट्टा पडला होता. "पाच आठवडे मी या हातानं उतरतेय. म्हटलं, सत्र संपलं की गुपचूप तुझ्याकडे आणीन. आणखी तीन आठवडे."

"हँडब्रेकवर थांबेल ही उतारावर?"

"एकदा थांबवून बघितली. रविवारी. रिकामी होती."

"थांबली?"

"थांबली." मग जरा वेळानं, "भाताच्या खाचरात."

मग मावशी उठली आणि थावीच्या गाठी सोडायला लागली. नऊच्या नऊ, नखांनी. कापडाची नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. "गाठी परत मारता येतात," ती म्हणाली. "थावी सगळ्या सारख्याच मारतो, बुटाच्या लेससारख्या."

पंखा काढला, झाकण काढलं. टेन्शनर हातात घेतला तर गरम होता आणि फिरवला तर आत वाळू असल्यासारखा वाजला. बेल्ट उतरवून मी आतून बाहेरून बघत गेलो. एका जागी तीन दातांच्या मुळाशी केसाएवढी चीर होती. बोटानं दुमडलं की ती तोंड उघडायची.

"किती दिवस चालला असता?" मावशीनं विचारलं.

मला विनोद करता आला असता. दोन-तीन तयारही होते.

"माहीत नाही," मी म्हणालो. "आज संध्याकाळी चढताना तुटला असता तरी मला नवल वाटलं नसतं."

तिनं तो बेल्ट माझ्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला आणि त्या तीन दातांवरून अंगठा फिरवत राहिली. नंतर तो भाताच्या डब्याच्या पिशवीत घातला.

नवं बेअरिंग बसवलं. खुणा जुळवल्या, दोनदा तपासल्या. टेन्शनरचा बोल्ट सैल सोडला. घड्याळात बारा वाजून अडतीस झाले होते. या वेळेत कोणालाही काही शुभ वाटणार नाही. मी क्रँकला पाना लावला आणि सावकाश फिरवायला लागलो.

"एक," मावशी म्हणाली. "दोन."

स्प्रिंगनं टेन्शनर अलगद पुढे ढकलला आणि तो आपल्या जागी टेकला. मी बोल्ट आवळला, अंगात जोर आहे हे विसरून. मग मावशीची दोन बोटं धरून बेल्टवर ठेवली. तिनं पिळला. पाव फेरा.

"एवढा ढिला?"

"एवढाच असतो."

"पाच आठवडे मला वाटत होतं, घट्ट धरलं तरच टिकतं," ती म्हणाली.

इंजिन चालू केलं. डिझेलचा खडखडाट, बस. मावशी कान देऊन उभी राहिली, पाहुणे गेल्यावर माणूस दारात उभं राहतं तशी. मग तिनं कापड परत बांधलं, नऊ गाठी मारल्या आणि म्हणाली, "आज पंधरा तारीख."

मी विसरलोच होतो. लॉटरीच्या आदल्या दिवशी सगळं गाव शेडपाशी गाडीची वाट बघत उभं राहतं.

"सांगून टाकू," मी म्हणालो. "मी सांगतो. या वेळी हसवणार नाही."

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणतील मेकॅनिकनं देवी घालवली. आणि सोमवारी पोरं व्हॅनमध्ये."

"निदान व्हॅनचा बेल्ट ठीक आहे."

हे बोलायला नको होतं. मावशीनं माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची मिटवून गाडीत टाकली.

साडेतीनला पोरं आली. चढताना कोणी पाढे म्हणेना. एका मुलानं मागून विचारलं, "आजी, देवी कुठे गेली?" मावशीनं गिअर टाकला. फाईनं मधल्या छोट्या खिडकीतून तोंड आत घातलं, माझ्या काळ्या नखांकडे बघितलं आणि तोंड परत बाहेर काढलं. तिला कळलं होतं. आमच्या घरात कळण्याचं खातं बायकांकडे आहे.

सतरावं वळण आलं आणि गेलं. मावशीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण प्रत्येक वळणाबरोबर गाव जवळ येत होतं, आणि इंजिन साध्या, शहाण्या गाडीसारखं चाललं होतं.

एकोणतिसाव्या वळणावर मावशीनं घसा साफ केला.

मग नाकातून, ओठ मिटून, तिनं सूर लावला. ऊंऽऽ.

मी तिच्याकडे वळलो. ती समोर रस्त्याकडे बघत होती. गाडी चढाला लागली तसा तिचा सूर चढला. गिअर टाकताना क्षणभर खाली आला, क्लच सुटल्यावर परत वर. पाच आठवडे रोज दोनदा ऐकलेला आवाज होता, तिला वळणावळणानं पाठ होता. पण एकट्या बाईचा सूर डिझेलच्या वर किती जाणार? तो बॉनेटपर्यंतही पोचत नव्हता. तिचा चेहरा लाल झाला.

मागून, खिडकीपाशी, दुसरा सूर आला. बारीक, पडलेल्या दातांमधून किंचित वारा येणारा. फाई. मग तिच्या शेजारची, मग समोरचं बाकडं. पोरांना काही शिकवावं लागलं नाही. अकराच्या अकरा मिटल्या तोंडानं ऊं करायला लागली आणि पत्र्याच्या छपरानं तो आवाज उचलला. एकानं आपणहून मध्ये खर्र घातलं. मावशीनं आरशातून डोळे वटारले तेव्हा तो थांबला. देवी बरी झाली होती.

मी बेसूर आहे. तरी लावला.

शेडपाशी साठ-सत्तर माणसं होती. गाडी थांबली. इंजिन चालू. थावी पुढे आला, गाठी मोजल्या, नऊ भरल्या, समाधानानं मान हलवली आणि बॉनेटवर कान ठेवला. त्याचा चेहरा काचेतून आमच्या समोर, दोन हातांवर. आम्ही ओठ मिटून, डोळे खाली घालून बसलो होतो. बाहेरून बघणाऱ्याला प्रार्थना वाटली असावी. ती बऱ्याच अंशी होतीच.

"आज जवळ आलीय," थावी म्हणाला. "अगदी माणसासारखी."

मावशीनं किल्लीवर हात ठेवला. आरशातून मागे बघितलं. फिरवली.

इंजिन बंद झालं. मावशी थांबली. मी थांबलो. दहा पोरं थांबली.

फाईनं डोळे मिटले होते. ती थांबली नाही.

त्या शांततेत तिचा एकटीचा सूर निघत राहिला. कोणी हललं नाही. मला मागे वळून तिला चिमटा काढायचा होता, पण माझं अंग सीटला चिकटलं होतं. मग तिला ते कळलं आणि सूर मध्येच तुटला.

थावीनं कान बॉनेटवरून उचलला. त्यानं मागच्या बाकड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मावशीकडे. माझ्या तोंडावर नेहमीसारखं काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.

थावीनं घड्याळ बघितलं.

"गाडी बंद झाल्यावर चार सेकंद," तो हळूच म्हणाला.

"चार," ओईनं वहीत लिहिलं. "शून्य चार का चाळीस?"

"आवाज समोरून आला का मागून?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

थावी पुन्हा मागच्या बाकड्यांकडे बघायला लागला. फाई दप्तराचा पट्टा चावत होती. मावशीनं डब्याची पिशवी उचलून छातीशी धरली, आत तो चिरलेला बेल्ट होता, आणि ती गाडीतून उतरली नाही.